देव, देवचार आणि पडद्यावरची भीती

श्रद्धेतून उगवणारी भीती हा विषय सध्या जगभरच्या पडद्यावर जोरात आहे. रोझ ग्लास या ब्रिटिश दिग्दर्शिकेच्या 'सेंट मॉड'मध्ये (२०१९) समुद्रकाठच्या एका उतरत्या कळेच्या गावात एकटी राहणारी परिचारिका मरणपंथाला लागलेल्या नर्तिकेची सेवा करता करता तिच्या आत्म्याच्या उद्धाराचा ध्यास घेते. देव आपल्याशी बोलतो ही तिची खात्रीच शेवटी घात करते. 'हेरेटिक'मध्ये (२०२४) धर्मप्रचाराला निघालेल्या दोन तरुण मॉर्मन मुली ह्यू ग्रँटने रंगवलेल्या हसतमुख गृहस्थाच्या घरात अडकतात आणि तो त्यांच्या श्रद्धेचाच किस काढत बसतो. आपल्याकडे सत्यजित राय यांनी हे १९६० साली 'देवी'त करून ठेवलं. सासऱ्याला स्वप्न पडतं की सून साक्षात काली आहे. झालं, सतरा वर्षांच्या मुलीला मखरात बसवतात आणि तिचं मन हळूहळू निसटत जातं. या तिन्ही चित्रपटांत भूत नाही. भीती वाटते ती विश्वास ठेवणाऱ्या माणसाची.

मग देवाधर्माची आणि भुताखेतांची इतकी दाट वस्ती असलेल्या सिंधुदुर्गाच्या वाट्याला असे चित्रपट किती आले? भुताचे पुष्कळ आले, श्रद्धेचे फार थोडे. याला निर्मात्यांचा आळस कारणीभूत आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. इथल्या श्रद्धेची घडणच अशी आहे की तिच्यातून मानसिक भयपट सहजासहजी निघत नाही.

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातल्या गावाला ग्रामदैवत असतं: रवळनाथ, सातेरी, माउली, रामेश्वर, भूतनाथ, वेतोबा. त्याच्या हाताखाली सीमेवरचे, पाणंदीतले, वडापिंपळाखालचे राखणदार, देवचार, ब्राह्मण, चाळे अशी उतरंड. देव आणि भूत यांच्यात इथे पक्की भिंत नाही. एकाच कारभारातले हे वरचे आणि खालचे अधिकारी. या कारभाराला गावऱ्हाटी म्हणतात आणि तो बारा-पाचाच्या मानकऱ्यांच्या देखरेखीखाली चालतो. कुणाच्या घरी आजारपण हटत नसेल, गाय आटली असेल, मुंबईच्या भावाशी जमिनीचा तंटा पेटला असेल, तर नारळ घेऊन देवळात जायचं. गाऱ्हाणं घालणारा उभा राहून देवाला सगळं सविस्तर सांगतो, कुणाचं काय चुकलं असेल तर पदरात घे म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मग कौल. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळी पडेना झाली की मंडळी तिथेच मांडी ठोकून बसतात. देवाशी घासाघीस करायलाही कुणी कचरत नाही. राखण म्हणून कोंबडा कबूल केलेला असतो, तो वर्षातून एकदा जागेवर पोचला की राखणदाराचं काही म्हणणं उरत नाही.

आरवलीचा वेतोबा पाहा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण गावात त्याची दहशत नाही, आसरा आहे. नवसाला केळ्यांचा घड द्यायचा, नाहीतर भल्या थोरल्या चामडी चपला वाहायच्या. देव रात्री त्या घालून गावाची गस्त घालतो आणि म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा. जयवंत दळवी याच आरवलीचे. माणसाच्या मनातले विकार आणि वेड यांवर मराठीत त्यांच्याइतकं सातत्याने थोड्यांनीच लिहिलं असेल. पण त्यांनाही भय सापडलं ते माणसांच्या घरांत. वेतोबाच्या देवळात त्यांना ते शोधावं लागलं नाही.

सगळ्यात बोलका नमुना आचऱ्याच्या गावपळणीचा. मालवण तालुक्यातल्या या मोठ्या गावात काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं: माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. जातधर्माचा भेद नाही, मुसलमान कुटुंबंही निघतात. दारं ओढून घेतलेली, चूल थंड, रस्ता सुना. त्या तीन रात्री गावात कोण वावरतं याचा विचार माणसाने करायचा नाही. मालवणच्याच चिंदर, वायंगणीतही ही रीत आहे. तिकडे घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीच्या शिराळ्यातही आहे. पटकथालेखकाने ऐकलं तर त्याचे डोळे लकाकतील. ओस गाव, मागे राहिलेला एक अश्रद्ध माणूस, मध्यरात्री वाजणारी घंटा! प्रत्यक्षात वेशीबाहेर काय चालू असतं? माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिलेल्या, फुगड्या, भजन, पत्ते, माशांचं तिखलं, मुंबईहून मुद्दाम रजा काढून आलेले चाकरमानी. भीतीचं निमित्त करून गावाने तीन दिवसांची सुट्टी पदरात पाडून घेतलेली असते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल आणि घरवापसी. यात अंधश्रद्धा आहे का? आहे. पण भयपट नाही.

श्रद्धेचा भयपट व्हायला माणूस एकटा पडावा लागतो. देवाचं बोलणं एकट्याच्याच कानात यावं लागतं आणि ते खरं की खोटं हे पडताळायला शेजारी कुणी नसावं लागतं. गावऱ्हाटीत हे सहसा घडत नाही. अंगात अवसर आलेल्यालाही चार मानकरी प्रश्न विचारतात, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारतात. या व्यवस्थेला तिचे दोष आहेत, मानपानाची भांडणं आहेत, जातीची उतरंड आहे, त्यापायी कित्येक देवळांना वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. पण एखाद्याने उठून मला दृष्टान्त झाला म्हणावं आणि गावाने निमूट मान तुकवावी, असं ती होऊ देत नाही.

हा एकटा पडलेला माणूस चिं. त्र्यं. खानोलकरांनी शोधून काढला. खानोलकर (१९३०–१९७६), म्हणजे कवी आरती प्रभू, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मले. त्याच वेंगुर्ले तालुक्यात, मालवणच्या नव्हे तर इथल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाची जागा आहे. कड्याच्या पोटात मोठी घळ, भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि घुमत बाहेर पडतं. त्याच मुलखातल्या या लेखकाने १९६६ साली 'कोंडुरा' ही कादंबरी लिहिली. घरात किंमत नसलेला, अपमान गिळून जगणारा परशुरामतात्या. त्याला समुद्रातून आलेला कोंडुरास्वामी भेटतो आणि एक मुळी देतो. मुळीत गर्भ पाडण्याची शक्ती, आणि अट ब्रह्मचर्याची. काल ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्या पाया आज गाव पडू लागतं. देवी त्याला देऊळ उभारायला सांगते. इथवर ही एखाद्या संताची गोष्टही होऊ शकली असती. पण वर मिळालेल्या माणसाला वाटू लागतं की पाप कुठे आहे हेही आपल्यालाच कळतं. निव्वळ संशयावर तो ती शक्ती एका निरपराध बाईवर चालवतो, आणि त्यात तिचंही वाटोळं होतं, त्याच्या स्वतःच्या घराचंही. कोंडुरा खरंच भेटला की तो तात्याच्या दुखावलेल्या मनाचा खेळ होता, हे खानोलकर उलगडत नाहीत. उलगडायची गरजही नाही. देव खरा निघाला काय नि खोटा निघाला काय, तात्याने केलं ते केलंच.

श्याम बेनेगल यांना यातली ताकद कळली. त्यांनी १९७८ साली हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' असा एकदमच चित्रपट केला. अनंत नाग, वाणिश्री, स्मिता पाटील, स्वामीच्या वेषात अमरीश पुरी, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं, संगीत वनराज भाटिया यांचं. 'अंकुर', 'निशांत', 'मंथन' यांच्या गर्दीत या चित्रपटाचं नाव मागे पडलं, पण भारतात श्रद्धेवर झालेल्या मानसिक भयपटांत 'देवी'नंतर मी याचंच नाव घेईन. एक खंत मात्र आहे. चित्रपट आंध्रात घडतो. वेंगुर्ल्याची घळ, मालवणी बोली, गाऱ्हाण्याचा सूर, सगळं गळलं. देवाची उतरंड बदलली की तात्याचं एकटेपणही बदलतं. जिथे प्रत्येक गोष्टीचा कौल घेतात त्या गावात हा माणूस कौल न घेता चालतो, हा मूळ गोष्टीतला अपराध तिकडे जाणवतच नाही. खानोलकरांच्याच 'चानी'वर व्ही. शांतारामांनी १९७७ साली मराठीत चित्रपट केला, रंजना नायिका. कोकण दिसलं, रंग भरपूर दिसले, गावाची क्रूरताही दिसली. पण खानोलकरांचा अंधार शांतारामांच्या हाताला लागणारा नव्हता.

मराठी चित्रपटाने या विषयाला हात घातला तो डॉक्टरला सोबत घेऊन. वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये (१९७६) कोकणातलं घर, नरसूच्या भुताची दहशत, मनाने खचलेली आशा काळे आणि तिला सावरायला आलेला डॉक्टर काशिनाथ घाणेकर. भूत शेवटी माणसाचं कारस्थान आणि मनाचा आजार यांत विरघळतं. त्या काळच्या सुशिक्षित प्रेक्षकाला असा शेवट सोयीचा होता: दोन तास घाबरून घ्यायचं आणि विज्ञानाचा विजय बघून घरी जायचं. त्यानंतर २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त हाच धागा फार वेगळ्या गांभीर्याने उचलला. अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाने पछाडलेला आहे आणि त्याच्या भ्रमांना गावच्या देवराईचं रूप आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. त्यातली काटकीही उचलायची नाही, हा धाक होता म्हणून माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांना सत्तरच्या दशकात अभ्यासायला अशा देवराया शिल्लक सापडल्या. तो धाक रानाला तारतो आणि शेषला मात्र आतून पोखरतो. 'देवराई' यातली कुठलीही बाजू खोटी पाडत नाही. भुताचा हुंकार कुठेही नसताना मराठीत इतकं अस्वस्थ करणारं फार थोडं झालं आहे.

मग आली मालिका. 'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नाव 'हा खेळ सावल्यांचा'मधल्या गाण्यावरून घेतलेलं, चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात, संवादांत अस्सल मालवणी. नाईकांच्या घरात अण्णांचा मृत्यू होतो आणि मुंबईहून आलेली मुलं, सुना, गावची मंडळी, सगळेच एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. पहिलं पर्व चांगलं होतं, कारण त्याला भुताइतकाच जमिनीच्या वाटणीत रस होता. कोकणातल्या घरात खरी झोप उडवतो तो सातबारा, हे लेखकाला ठाऊक होतं. अखेरीस उलगडाही माणसाच्या कारस्थानाचाच झाला. पुढच्या पर्वांत अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता लोकप्रिय झाले आणि तिसऱ्यात तर ते राजरोस भुतं होऊन वावरले. जिल्ह्यातून विरोधही झाला: कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते. त्याच सुमारास आकेरीचा वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्याही लागू लागल्या. मालवणी माणूस आपल्या भुताची स्वतः हवी तेवढी टिंगल करतो. दुसऱ्याने त्याचा बाजार मांडला की मात्र त्याला खटकतं, आणि बाजारात गिऱ्हाईक आलं की तेही चालून जातं.

उत्तरेकडचं कोकण हिंदीत गेलं ते बाजारपेठेच्या वाटेने. 'तुंबाड' (२०१८) दिसायला देखणा, २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर गर्दी खेचणारा. पण त्यातला हस्तर हा बनवलेला देव आहे, त्याला कुठल्या गावची सीमा नाही की मानकरी नाहीत. तिथला धोका लोभाचा आहे, श्रद्धेचा नाही. 'मुंज्या'त (२०२४) पिंपळावरचा मुंजा हसवतो, नाचवतो, शंभर कोटींच्या वर कमाई करून जातो. हरकत नाही. फक्त हे ठाऊक असू द्यावं की परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या, त्या पिंपळाखालच्या मुंजाला रक्त दिलं की गुप्तधन मिळेल आणि मूल होईल या समजुतीपायी. त्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' १९८१ साली आला. दिग्दर्शक म्हणून पालेकरांचा तो पहिला चित्रपट. त्यात एकही अतिमानवी गोष्ट नाही आणि तो पाहताना अंगावर येतो तसा काटा 'मुंज्या'च्या एकाही प्रसंगात येत नाही.

मानवत जुनं झालं म्हणायचीही सोय नाही. २० जून २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातल्या दोन भावांच्या घरांत मिळून नऊ माणसं मृतावस्थेत सापडली. आधी वाटलं सावकारीला कंटाळून आत्महत्या. पोलिसांच्या तपासात गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाचं नाव पुढे आलं. त्याच्या नऊ वर्षं आधी, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून दहशत बसवणं, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं हे या कायद्याने गुन्हे ठरवले. वारी, कीर्तन, भजन यांना हात लावला नाही. कायद्याचं कलम एका बाजूला आणि 'कोंडुरा' दुसऱ्या बाजूला ठेवून वाचा. खानोलकरांचा तात्या पैशाची फसवणूक करत नाही, त्याला स्वतःलाच आपली शक्ती खरी वाटते. असा माणूस कायद्याच्या पकडीत यायला सगळ्यात अवघड आणि चित्रपटाला सगळ्यात योग्य.

अलीकडे दोन मराठी चित्रपट या वाटेवर पुढे आले. हृषीकेश गुप्ते यांचा 'जारण' (२०२५) करणीच्या भीतीबद्दल आहे. लहानपणी गंगुतीने (अनिता दाते) आपल्यावर काहीतरी केलं, ही धास्ती घेऊन मोठी झालेली राधा अमृता सुभाषने फार ताकदीने उभी केली आहे. करणी आहे की आजार आहे हा झोपाळा चित्रपट शेवटपर्यंत हलता ठेवतो आणि करणी लागायला करणारा असावाच लागतो असं नाही, विश्वास ठेवणारा पुरतो, हे नीट पोचवतो. गुप्ते मुळात भयकथालेखक, त्यामुळे कुठे थांबायचं हे त्यांना कळतं.

दुसरा सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' (सप्टेंबर २०२५), आणि हा थेट सिंधुदुर्गाचा. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला बाबुली मेस्त्री आयुष्यभर जत्रांत दशावतार करत आला, आता दृष्टी जाते आहे. दशावतार न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं. देवळाच्या पुढ्यात रात्रभर चालणारा हा खेळ. संहिता लिहिलेली नसते, नट जागेवर संवाद रचतात, बायकांची कामं पुरुष करतात आणि सोंग घेऊन गणपती आला की पुढ्यात बसलेला म्हातारा खरोखर हात जोडतो. अर्ध्या तासापूर्वी याच नटाने त्याच्याकडून विडी मागून घेतलेली असते, तरी जोडतो. नट आणि देव यांच्यातली ही पातळ रेघ म्हणजे मानसिक भयपटाला आयती मिळालेली जमीन. नजर गेलेल्या नटाला आपण सोंग घेतलंय की देव अंगात आलाय हेच उमगेनासं झालं तर? चित्रपट या प्रश्नापाशी येतो, क्षणभर थांबतोही, आणि मग खाणमालकांविरुद्धच्या सूडकथेकडे वळतो. कळण्याच्या खाणीने दोडामार्ग तालुक्यात काय केलं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या वळणाची निकड समजेल. रान वाचवायचं तर राखणदाराचं नाव घ्यावं लागतं, हे आजच्या सिंधुदुर्गाचं वास्तवच आहे. 'कांतारा' या कन्नड चित्रपटाच्या यशाचाही दबाव असणार. पण प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते पटकथेला पुरतं पेललं नाही, असं माझं मत झालं.

म्हणजे हिशेब असा लागतो: वाडा, विहीर, करणी, मुंजा, शेवंता हे सगळं वापरून झालं. वापरायचा राहिला तो माणूस, ज्याला देवाने एकट्याला गाठून काहीतरी सांगितलं आणि ज्याने ते गावाला न विचारता खरं मानलं. तो खानोलकरांनी लिहून ठेवला आहे, त्यासाठी नवी कथा शोधत बसायला नको. मराठीत भयपट करू पाहणाऱ्या तरुण दिग्दर्शकांनी आकेरीच्या वाड्याचं भाडं विचारण्याआधी 'कोंडुरा' वाचावी, पावसाळ्याच्या तोंडाशी भरतीची वेळ बघून वेंगुर्ल्याच्या वायंगणीला जावं, आणि चित्रपट मालवणीतच करावा.